मॉन्टेरेतले चार दिवस : मामा, मोटारी आणि शंभर डॉलरचं पुस्तक

मामा जूनमध्ये कोल्हापूरहून आमच्याकडे कॅलिफोर्नियात सनीवेलला आले ते सहा महिन्यांच्या बोलीवर. पंधरा दिवसांत गोल्डन गेट झाला, देऊळ झालं, कॉस्टको तर चार वेळा झालं, आणि मामा कंटाळले. चाळीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवलेला माणूस. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहायचे, खालच्या पार्किंगकडे बघायचे आणि म्हणायचे, "एकाचंबी बॉनेट उघडं दिसत न्हाई रं हितं."

तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांना मॉन्टेरेला न्यायचं ठरवलं. आमच्यापासून दीड तासावरच्या या किनाऱ्यावर ऑगस्टमधला एक आठवडा सगळ्या जगातल्या जुन्या मोटारी गोळा होतात. प्रदर्शनं असतात, शर्यती असतात आणि चार-पाच मोठ्या कंपन्यांचे लिलाव असतात. मामांना हे सांगितलं तर डोळे चमकले. लिलावाला आत जायलाच पैसे पडतात म्हटल्यावर मात्र विझले.

"लिलाव बघायला पैसे? घ्यायचं न्हाई, द्यायचं न्हाई, नुस्तं बघायला?"

मामांचा लिलावाचा अनुभव एसटीच्या भंगाराचा. तिथे टेंडर फॉर्मचे पैसे भरायचे, ते बुडीत. वर अनामत भरायची, ती बोली लागली नाही तर परत. मी म्हटलं, इथंही तसंच समजा. कॅटलॉग, म्हणजे लिलावातल्या गाड्यांच्या माहितीचं पुस्तक, तोच इथला फॉर्म. फरक एवढाच की इथला फॉर्म रंगीत असतो आणि 100 डॉलरला मिळतो. मामांनी डॉलरच्या तेव्हाच्या भावाने, सत्तरने गुणलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

गुरुवार, 23 ऑगस्ट 2018

पहाटे सहाला निघालो. गिलरॉय आलं की काचा बंद असल्या तरी लसणाचा वास गाडीत शिरतो. मामा डुलकी घेत होते. डोळे न उघडताच विचारलं, "फोडणी कुणी टाकली?"

कॅस्ट्रोव्हिल ओलांडलं की उजव्या हाताला समुद्र दिसायला हवा. तिथे नुसतं धुकं. ऑगस्टात कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, हा हिशेब मॉन्टेरेत चालत नाही. सकाळी थंडी असते, वारा बोचरा असतो, दुपारी दोन तास ऊन पडतं आणि पाचनंतर पुन्हा धुकं. जाणार असाल तर स्वेटर घ्याच. मामींनी बॅगेत कोंबलेली माकडटोपी मामांनी मॉन्टेरेशेजारच्या कार्मेल गावात घातली ती रविवारपर्यंत काढली नाही.

कार्मेल गाठायचं कारण, तिथे बघणं फुकट होतं. रविवारी पेबल बीचवर जुन्या मोटारींच्या स्पर्धेचा जो मुख्य सोहळा भरतो, त्याचं तिकीट त्या वर्षी 300 डॉलरच्या वर होतं. पण त्यात उतरणाऱ्या बऱ्याच गाड्या गुरुवारी रस्त्यावर चालवत फिरवतात. त्या वर्षी समुद्राच्या कडेने चक्कर मारून त्या दुपारी कार्मेलच्या ओशन अॅव्हेन्यूवर येऊन थांबल्या. मालक जेवायला गेले आणि गाड्या भर रस्त्यात उभ्या. ना तिकीट, ना दोरी. रविवारी दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर गुरुवारची ही फेरी पुरी करणारी वरचढ ठरते. हे सांगितल्यावर मामांचा राग पहिल्यांदा उतरला. "बरोबर हाय. गाडी चालली पायजे. नुस्ती पुसून काय करायची?"

या वर्षी पेबल बीचला हिंदुस्थानातल्या राजेमहाराजांच्या मोटारींचा खास वर्ग होता. ओशन अॅव्हेन्यूच्या उतारावर एक रोल्स-रॉइस दिसली. पितळेचे दिवे, मागे नोकरासाठी पायरी. भोवती गोऱ्यांचा घोळका. मामा घोळक्यात शिरले, वाकून चाकाच्या आत बघितलं आणि परत येऊन म्हणाले, "ब्रेक केबलचं हायत." मग बराच वेळ ते त्या घोळक्याला कोल्हापूरच्या मेबॅक मोटारीची गोष्ट सांगत होते. छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते आणि लहानपणी आम्ही सगळे मामांच्या खांद्यावर बसून ती बघायचो, वगैरे. निम्मं मराठीत, निम्मं हातवाऱ्यांनी. समोरची बाई फार मन लावून ऐकत होती. तिला काय कळलं देव जाणे, पण शेवटी तिने विचारलं की दसरा कधी असतो.

दुपारी मॉन्टेरेच्या डेल माँटे गोल्फ कोर्सवर, मीकम कंपनीच्या लिलावाला. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. 2018 साली तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर 20 डॉलर होतं, दारावर 30. लहान मुलं फुकट. इथे कॅटलॉग घ्यायची काहीच गरज नाही, कारण प्रत्येक गाडीच्या काचेवर तिची माहिती लिहिलेला कागद लावलेला असतो. गाड्या सहाशेच्या आसपास, गवतावर ओळीने मांडलेल्या. मालक शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेला असतो. विचारलं तर तो बॉनेट उघडून दाखवतो. मामांना एवढंच हवं होतं. अडीच तासांत त्यांनी निदान चाळीस बॉनेटं उघडून घेतली. मामांचं इंग्रजी म्हणजे सुट्या भागांची नावं, पण इथे तीच भाषा चालते. "हेड गॅसकेट?" असं मामा भुवई उंचावून विचारणार, आणि मालक छातीवर हात ठेवून "न्यू, न्यू" म्हणणार.

मंडपात लिलावाचा गोंगाट वेगळाच. लिलाववाला अखंड एका सुरात आकडे म्हणत असतो, मध्ये श्वास कधी घेतो कळत नाही. खाली त्याची माणसं गर्दीत फिरतात आणि कुणी बोट वर केलं की बेंबीच्या देठापासून ओरडतात. एक गाडी दोन-तीन मिनिटांत निकालात. मामांना गूळ मार्केट आठवलं. "सौद्याला असंच असतंय की. फक्त तिथं भाव ऐकू येतोय."

राहायला सॅलिनसला होतो. त्या आठवड्यात मॉन्टेरेत खोलीचे दर तिप्पट-चौपट होतात, म्हणून वीस मैल आत सरकायचं. मोटेलचे मालक नवसारीचे निघाले. माकडटोपी बघून त्यांनी मामांना सरळ हिंदीत विचारलं, "काका, चाय लोगे?" आल्याचा चहा आला आणि दोघं रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसून डिझेलच्या भावावर बोलत होते.

शुक्रवार, 24 ऑगस्ट

आजचा दिवस पेबल बीच आणि गुडिंग कंपनीच्या लिलावाचा. इथे आत जायच्या पैशांचा हिशेब समजून घ्या, कारण तो आम्हाला दारात उभं राहून करावा लागला. 2018 साली साधं तिकीट माणशी 40 डॉलर होतं. कॅटलॉग 100 डॉलर, आणि एका कॅटलॉगवर दोन माणसं आत. म्हणजे दोघांची तिकिटं 80, आणि वर 20 टाकले की पुस्तक. त्या दरात एकट्याने तिकीट घेणं ठीक होतं. दोघांनी तिकीट घेणं हा शुद्ध वेडेपणा होता. शिवाय पुस्तक लिलावाच्या दोन्ही दिवशी चालायचं. बोली लावायची असेल तर प्रकरण निराळं, त्याची नोंदणी आधी करावी लागते आणि बँकेचं पत्र लागतं.

मामांनी वीसला सत्तरने गुणलं. चौदाशे. "घे," म्हणाले. आणि त्यानंतर ते पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं नाही.

जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. मला वाटलं होतं की चित्रं बघतील. पण मामा चित्रं सोडून कोपऱ्यातले बारीक आकडे बघत होते. दर गाडीला चॅसी नंबर, इंजिन नंबर, मग कुणाकडून कुणाकडे गेली, कधी रंगवली, कुणी खोलली, आणि शेवटी अंदाजे किंमत. "ही कुंडली हाय," मामा म्हणाले. मग आम्ही प्रत्येक गाडीसमोर जाऊन कुंडली जुळवत बसलो.

एका कोपऱ्यात एक जुनी मर्सिडीज होती. रंग फिका पडलेला, सीटचं चामडं फाटलेलं, क्रोमवर गंजाचे ठिपके. शेजारी तीच गाडी आरशासारखी चकचकीत. मामा फाटक्या गाडीपाशी थांबले. हात लावायचा नाही अशी पाटी होती, म्हणून बोटाचं पेर मडगार्डपासून इंचभर लांब धरून हवेतच टकटक केल्यासारखं केलं. "ह्यात पुट्टी भरलेली न्हाई. पत्रा मूळचा हाय," म्हणाले. मग पुस्तकात किंमत बघितली. फाटकीची किंमत चकचकीत गाडीच्या जवळपास जात होती. मामांना वाटलं छपाईची चूक.

चूक नव्हती. शेजारी ओरेगॉनहून आलेले एक आजोबा होते, ऐंशीच्या आसपासचे. त्यांनी समजावलं आणि मी मराठी करत गेलो. गाडी पुन्हा रंगवता येते, दहा वेळा रंगवता येते, पण मूळची एकदाच असते. ज्या गाडीत कारखान्यात बसवलेलं तेच इंजिन आहे, तोच नंबर आहे, तिला भाव. इंजिन बदललेलं असलं की गाडी तीच, रंग तोच, आणि किंमत धाडकन खाली.

मामा गप्प झाले. खुर्च्यांवर जाऊन बसलो तरी गप्प. मी कॉफी आणली. 5 डॉलरची कॉफी, एरवी त्यावर दहा मिनिटं भाषण झालं असतं.

मग म्हणाले, "सांगलीच्या शेटजींची प्लायमाउथ तुला आठवायची न्हाई. तू बारका होतास. पेट्रोल वाढलं, गाडी गॅलनाला काय देणार? मी मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवून दिलं. गाव बघायला आलं होतं. तशा अजून दोन केल्या, इम्पाला. इंजिन काढलं, डिझेल टाकलं, डेंटिंग-पेंटिंग करून नव्यासारखी करून दिली. तवा सगळे म्हणायचे, मामांचा हात हाय." कपाचं झाकण त्यांनी काढलं, परत लावलं. "ह्या पुस्तकाच्या हिशेबानं मी तीन गाड्या मारल्या म्हणायच्या."

मी म्हटलं, तेव्हा त्या डिझेलवर चालल्या नसत्या तर भंगारातच गेल्या असत्या. ते त्यांनाही माहीत होतं. मान हलवली, पण पटल्याची नव्हे.

इथला लिलाव मीकमसारखा नाही. आरडाओरडा नाही. लिलाववाला इंग्लंडचा, सुटातला, एकेका बोलीला थांबतो, समोरच्याला गोड बोलून अजून पन्नास हजार काढतो. मागच्या पडद्यावर तोच आकडा डॉलर, पौंड, युरोत पळत असतो. ओरेगॉनचे आजोबा आमच्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या कॅटलॉगात प्रत्येक पानावर पेन्सिलीने हातोडा पडला तो आकडा लिहिलेला. घरी अशी तीस-पस्तीस वर्षांची पुस्तकं आहेत म्हणाले. आकडे भरलेल्या जुन्या कॅटलॉगला गिऱ्हाईक असतं, कोऱ्याला कमी. त्यांनी खिशातून दुसरी, अर्धी झालेली पेन्सिल काढून मामांना दिली. मामांनी ती कानामागे अडकवली, तीही टोपीच्या वरून.

त्या मंडपातली सगळ्यांत नावाजलेली गाडी 1935ची ड्यूसेनबर्ग एसएसजे. अशा दोनच झाल्या, दोन्ही हॉलिवूडच्या नटांकडे : एक गॅरी कूपरकडे होती आणि एक क्लार्क गेबलकडे. ही कूपरची. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, आणि गाडीच्या मानाने चॅसी आखूड. मामांनी विचारलं, ही इंदूरच्या होळकरांनी घेतली होती तसली का? कंपनी तीच, मी सांगितलं. यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग लांब चॅसीची, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. "म्हंजे आपल्या माणसाची लांब होती," मामा समाधानाने म्हणाले.

ती विकली गेली तेव्हा आम्ही मंडपात नव्हतो, हे सांगायला लाज वाटते. धुकं उतरलं, मामांचे गुडघे धरले, आम्ही बाहेर पडलो होतो. नंतर कळलं, 2 कोटी 20 लाख डॉलर. अमेरिकी मोटारीला लिलावात इतके पैसे कधीच आले नव्हते. मामांनी पेन्सिलीने आकडा लिहिला, आणि तिथे पहिल्यांदा दलालीचा प्रश्न निघाला. हातोडा 2 कोटींवर पडला होता. वरचे 20 लाख, म्हणजे 10 टक्के, खरेदीदाराकडून घ्यायची कंपनीची दलाली. बातमीत येतो तो आकडा दलालीसकट असतो, मंडपात ऐकू येतो तो दलालीशिवाय. पेन्सिलीने लिहिणार असाल तर कुठला लिहिताय ते पहिल्या पानावर नोंदवून ठेवा, नाहीतर नंतर गोंधळ होतो. आमचा झाला.

शनिवार, 25 ऑगस्ट

सकाळी शेजारच्या सीसाइड गावी. तिथे नगरपालिकेसमोरच्या हिरवळीवर जगातल्या भिकार गाड्यांचं प्रदर्शन भरतं, कॉन्कूर द लेमन्स. प्रवेश फुकट. गंजलेल्या, रंग उडालेल्या, जन्मतःच फसलेल्या गाड्या, आणि परीक्षकांना उघड लाच द्यायची प्रथा. एकाने परीक्षकाला डोनट दिला, तो त्याने तिथेच खाल्ला. मामा दोन दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसले. एका गाडीचा सायलेन्सर तारेने बांधला होता. मामांनी खाली वाकून तारेची गाठ तपासली आणि मालकाला खुणेने सांगितलं की उलटी मार, सैल पडणार नाही. त्याने खरंच सोडून उलटी मारली.

संध्याकाळी मॉन्टेरे गावात. तिथे एका हॉटेलात आरएम सदबीज कंपनीचा लिलाव, आणि आज फेरारी 250 जीटीओ निघणार होती. 1962ची, चॅसी नंबर 3413. अशा जीटीओ एकूण 36 बनल्या. लिलावाच्या वेळी सभागृहात बसायला बोलीदार म्हणून नोंदणी लागते, आणि ती फी आमच्या आवाक्याबाहेरची. माझा सल्ला : हा लिलाव बाहेरूनच बघा. हॉटेलच्या आसपास त्या संध्याकाळी रस्त्यावर ज्या गाड्या येतात-जातात, तेच एक प्रदर्शन असतं, आणि लिलाव फोनवर थेट दिसतो.

आम्ही धक्क्यावर गेलो. फिशरमन्स व्हार्फवर प्रत्येक हॉटेलवाला कागदी पेल्यात क्लॅम चाउडरचा, म्हणजे शिंपल्यांच्या दाट सूपचा, नमुना पुढे करतो. पण मामा शनिवार पाळतात. मग पोखरलेल्या आंबट पावात चाउडर भरून देतात तसला पाव मी नुसता, रिकामा मागितला. पोरगी दोनदा विचारून गेली, "रिकामा?" मामांनी पाव तोडला, खिशातून प्लास्टिकची डबी काढली आणि शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ला. मागे समुद्रसिंह भुंकत होते. बाकावर, दोघांच्या मध्ये फोन उभा करून आम्ही जीटीओचा लिलाव बघितला.

हातोडा 4 कोटी 40 लाखांवर पडला. कुठल्याही मोटारीला लिलावात तोवर मिळालेली सगळ्यांत मोठी किंमत. आधीचा विक्रमही जीटीओचाच, 2014चा, याच भागात बॉनॅम्सच्या लिलावातला, 3 कोटी 81 लाखांचा. मामांनी लगेच कॅटलॉग मांडीवर घेतला. ही गाडी त्या पुस्तकात नव्हती, पुस्तक दुसऱ्या कंपनीचं, पण मागचं कोरं पान होतं. या कंपनीची दलाली : पहिल्या अडीच लाखांवर 12 टक्के, 30,000. उरलेल्यावर 10 टक्के, 43,75,000. बेरीज 44,05,000. एकूण 4,84,05,000. थोड्या वेळाने बातमीत अगदी तोच आकडा आला. मामांनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बघ. पैशाचाबी फरक न्हाई." त्या बेरजेचा आनंद जीटीओ बघितल्यापेक्षा जास्त होता, आणि जीटीओ तर आम्ही बघितलीच नव्हती.

रविवार, 26 ऑगस्ट

मुख्य सोहळ्याच्या दिवशी आम्ही मॉन्टेरे सोडलं. सकाळी उशिरा उठलो, मोटेलवाल्यांकडे पुन्हा चहा, त्यांनी वाटेला ठेपले बांधून दिले. दिवसभर सॅलिनसच्या आसपास उगाच भटकलो. मैलच्या मैल लेट्यूसची शेतं, आणि मामांना ट्रॅक्टर बघायचे होते.

संध्याकाळी कॅस्ट्रोव्हिलला थांबलो. हे गाव आर्टिचोक नावाच्या भाजीचं. तळलेले आर्टिचोक कागदी डब्यात मिळतात, गरम खा, गार झाले की तेलकट लागतात. मामांना ती कांद्याच्या भज्यांची लांबची बहीण वाटली. कॅटलॉग टेबलावर होता, त्यावर तेलाचा एक डाग पडला, आणि मामांनी तो रुमालाने चार वेळा पुसला.

मग घड्याळ बघून म्हणाले, "तिकडं सकाळ झाली असंल. बाळूला लाव."

बाळू म्हणजे त्यांचा मुलगा. तो झोपेतून उठलेला, आधी घाबरला, सगळं बरं आहे ना. मामांनी स्पीकरवर टाकायला लावलं.

"बाळू, मागच्या अंगणात जा. प्लायमाउथचं इंजिन हाय न्हवं?"

"आहे की आप्पा. भंगारवाल्याला देतो म्हटलं की तुम्हीच नको म्हणताय. त्यावर आईनं जास्वंदीची कुंडी ठेवलीय."

"कुंडी खाली घे. रॉकेल आन् फडकं घे. डाव्या अंगाला, म्होरं, ब्लॉकवर, वाटीएवढी सपाट जागा हाय. घासून पूस."

पलीकडून दार उघडल्याचा, चप्पल ओढल्याचा, मग कुंडी सरकल्याचा आवाज. मामांनी टोपीवरून पेन्सिल काढली आणि पुस्तकाचं मागचं पान उघडलं, जीटीओच्या बेरजेखाली.

"दिसतंय," बाळू म्हणाला. "पण अर्धं गंजलंय, आप्पा."

"जेवढं दिसतंय तेवढं वाच. सावकाश."